बागेसाठी जुना अरुंद फर्ग्युसन: शोध, खरेदी आणि हंगामभराचा वापर

छाटणीपासून फळं उतरेपर्यंतचा अख्खा हंगाम या ट्रॅक्टरवर काढून झालाय, तेव्हा आता त्याच्याबद्दल ठामपणे लिहिता येईल. ट्रॅक्टर फर्ग्युसन टीई-२० घराण्यातला आहे, पण नेहमी दिसतो तो नव्हे. हा टीईसी-२०, म्हणजे पेट्रोल इंजिनाचा अरुंद प्रकार. बागेत ओळीतून सहज जाईल असा जुना ट्रॅक्टर मी बरीच वर्षं शोधत होते.

टीई-२० ही तशी दुर्मिळ वस्तू नाही. १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यात हे ट्रॅक्टर पाच लाखांहून जास्त बनले आणि जगभर गेले. एडमंड हिलरी जानेवारी १९५८ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोचले तेही याच जातीच्या ट्रॅक्टरांवर. दुर्मिळ आहेत ते त्यातले अरुंद. साध्या ट्रॅक्टरच्या चाकांमधलं अंतर कमीत कमी ४८ इंचांवर आणता येतं. त्याहून अरुंद हवा असेल तर कारखान्याने वेगळे प्रकार काढले होते आणि ते अक्षरांवरून ओळखायचे. टीईए म्हणजे साधा पेट्रोलचा, टीईसी अरुंद पेट्रोलचा, टीईई अरुंद पण रॉकेलसारख्या जड तेलावर चालणारा. टीईके आणि टीईएल हे खास द्राक्षबागांसाठी, आणखी आटोपशीर.

शोधताना पहिली अडचण ही की विकणाऱ्यालाच बहुतेक वेळा ठाऊक नसतं आपल्याकडे काय आहे. जाहिरातीत 'जुना राखाडी फर्ग्युसन, चालू स्थितीत' एवढंच असतं आणि फोटो समोरून, जरा तिरका. त्या फोटोत अरुंद आणि साधा यांत फरक दिसत नाही. म्हणून मी प्रत्येकाकडे दोनच गोष्टी मागायचे: बरोबर मागून काढलेला एक फोटो, आणि डॅशवरच्या पाटीचा जवळून एक. मागच्या फोटोत सीटच्या दोन्ही बाजूंना मडगार्ड किती चिकटून आहेत ते बघायचं. साध्या ट्रॅक्टरवर मधे ऐसपैस जागा असते, अरुंदावर बसणाऱ्याच्या मांडीला मडगार्ड जवळजवळ टेकतं. बरेच जण फोटो पाठवतच नाहीत. जो पाठवतो त्याच्याकडे जावं.

पाटीवर मात्र एकट्या विसंबू नये. पाटी दोन रिव्हेटांची असते आणि इतक्या वर्षांत कुणाची कुठे लागली असेल सांगता येत नाही. पाटीवर 'सी' आहे आणि खाली सगळा साधा सांगाडा, असाही एक मला बघायला मिळाला. उलटही होतं. साध्या ट्रॅक्टरची ॲक्सल हाउसिंग, म्हणजे ॲक्सलवरचं ओतीव कवच, कापून, जोडून अरुंद केलेली असते. ती ओळखायला हाउसिंगवरून हात फिरवायचा. मूळ ओतकामाचा खरखरीतपणा टोकापासून टोकापर्यंत सारखा लागतो, वेल्डिंग घासून रंगवलं असलं तरी मधे बोटाला गुळगुळीत पट्टा लागतोच. वेल्डिंग केलेल्या हाउसिंगवर फळांनी भरलेली ट्रॉली ओढायची माझी तरी तयारी नाही.

या खरेदीबद्दल एकच गोष्ट सांगायची असेल तर ती ही: तपासणी उलटीकडून करा. लोक आधी इंजिन चालू करून बघतात, आवाज ऐकतात, धूर बघतात आणि तिथेच मन बनवतात. इंजिनाची मला सगळ्यात कमी काळजी होती. स्टँडर्ड कंपनीचं हे चार सिलिंडरचं इंजिन, आधी १८५० सीसीचं, मग बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ८० वरून ८५ मिलिमीटर करून २०८८ सीसीचं. याचंच भावंड स्टँडर्ड व्हॅनगार्ड आणि ट्रायम्फ टीआर-२ या मोटारींमध्ये होतं. लाइनर, पिस्टन, गास्किट, वॉटर पंप, सगळं आजही नवं मिळतं. गिअरबॉक्सचे भागही लाखो साध्या ट्रॅक्टरांमुळे मिळून जातात. मिळत नाहीत ते फक्त अरुंद भाग: मागचे आखूड शाफ्ट आणि त्यांची हाउसिंग, समोरचा आखूड ॲक्सल, निमुळते मडगार्ड. म्हणून आधी हे तीन बघायचे, ते शाबूत असतील तर इंजिन अडकलेलं असलं तरी व्यवहार करायचा. ते गेलेले असतील तर इंजिन कितीही गोड चालो, तुम्ही साधाच ट्रॅक्टर घेताय.

मी घेतला तो शेडमध्ये मागच्या भिंतीला लावून ठेवलेला होता, वर पोती आणि शिड्या. मालक वयस्कर गृहस्थ, स्वतः बागायतदार. त्यांनी मला इंजिन चालू करून दाखवायची घाई केली नाही हे मला फार आवडलं. थंड इंजिनाखाली मी तसराळं ठेवलं आणि चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचा, नट थोडा सैल केला. या इंजिनात लाइनरच्या (ज्या नळीत पिस्टन फिरतो तिच्या) बुडाशी इंग्रजी आठच्या आकाराचे सील असतात. ते गेले की पाणी थेट चेंबरमध्ये उतरतं, आणि पाणी तेलापेक्षा जड म्हणून नट सैल केल्यावर आधी तेच बाहेर येतं. ट्रॅक्टर काही दिवस उभा असेल तरच ही परीक्षा खरी. थेंब आला तो काळा, दाट तेलाचाच. नट आवळला. मालक बघत होते. म्हणाले, "ताई, तुम्ही बागेतच चालवणार ना? मग द्यायला हरकत नाही."

गिअरबॉक्सचं तेल मात्र दुधाळ होतं. या ट्रॅक्टरात गिअर, मागचा डिफरन्शियल आणि अवजार उचलणारी लिफ्ट, तिन्हींना एकच तेल, आणि लिफ्टचा पंप त्या तेलातच बुडालेला. गिअर लिव्हरच्या रबरातून पावसाचं पाणी आत जातं आणि पंपाच्या व्हॉल्व्हना गंज धरतो. त्यामुळे लिफ्टची परीक्षा महत्त्वाची. अवजार जोडून पूर्ण वर उचलायचं, इंजिन बंद करायचं आणि बघत बसायचं. हळूहळू खाली येणं क्षम्य आहे. धपकन आलं तर आतलं काम निघालं. आमचं सावकाश खाली आलं आणि तिथेच व्यवहार ठरला. सोबत त्यांनी मूळ फर्ग्युसन पानाही दिला, ज्याच्या दांड्यावर इंचांच्या खुणा आहेत. अवजार लावताना त्याच पान्याने अंतर मोजायचं, अशी ती सोय.

कामाला लावण्याआधी जे केलं ते थोडक्यात. गिअरबॉक्सचं तेल काढून स्वस्त तेल भरलं, ट्रॅक्टर फिरवला, तेही काढलं आणि मग चांगलं भरलं. मागच्या ॲक्सलचे सील गळून ब्रेकच्या लायनिंग तेलात भिजल्या होत्या, म्हणून सील आणि लायनिंग दोन्ही बदलले. तेल प्यालेली लायनिंग धुऊन परत लावू नये, ती पुन्हा कधी नीट धरत नाही. रेडिएटर धुतला, वायरिंग सगळी नवी केली. पीटीओचा, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या अवजाराला देणारा फिरता दांडा १⅛ इंचाचा आहे, आजची अवजारं १⅜ इंचाला बसतात, त्यासाठी वर चढवायची बाही मिळते. रंगाला हात लावला नाही. मडगार्डवर फांद्यांनी घासून राखाडी रंग जिथे उडालाय तिथे चकचकीत पत्रा दिसतो आणि तो मला तसाच हवाय.

आता प्रत्यक्ष वापर. पहिली आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बागेत फांद्या मोडणं जवळजवळ थांबलं. बॉनेट सपाट, वर काहीही आलेलं नाही. सायलेन्सर खालून मागे नेलेला, त्यामुळे उभी नळी फळात अडकत नाही आणि गरम धूर पानांवर जात नाही. (काही ट्रॅक्टरांवर नंतर कुणीतरी उभी नळी बसवलेली असते. बागेसाठी घेत असाल तर ती आधी काढा.) ओळीतून जाताना दोन्ही बाजूंना जी थोडी मोकळी जागा उरते तीच सगळं काही आहे. डाव्या आणि उजव्या चाकाला वेगळा ब्रेक, त्यामुळे ओळीच्या टोकाला आतल्या चाकावर पाय दिला की ट्रॅक्टर जागच्या जागी वळतो. शेवटच्या झाडाच्या बुंध्याला आता खरचटत नाही.

चालू करायची पद्धत सुंदर आहे. वेगळं बटण नाही, गिअर लिव्हरच 'एस' या जागी नेली की सेल्फ लागतो. याचा अर्थ गिअरमध्ये असताना ट्रॅक्टर चालू होऊच शकत नाही. इतकी साधी आणि इतकी पक्की सुरक्षा आजच्या यंत्रांत वायरी आणि सेन्सर घालून करावी लागते.

त्रासाच्या जागाही नीट सांगते, कारण जाहिराती त्या सांगणार नाहीत. पीटीओ आणि लिफ्ट दोन्ही क्लचमधूनच चालतात. क्लच दाबला की दोन्ही थांबतात. गवत कापताना दाट पट्टा आला, ट्रॅक्टर थांबवावा म्हणून क्लच दाबला, तर पातंही मंद होतं आणि नेमकं तिथेच गवत गुंडाळतं. उपाय एकच: दाट गवत दिसतंय तिथे आधीच खालच्या गिअरमध्ये शिरायचं. वळणावरही तेच, अवजार पूर्ण वर येईपर्यंत क्लचला पाय लावायचा नाही. आणखी एक, हा धोक्याचा. पातं फिरत असताना क्लच दाबला तर पात्याचा वेगच पीटीओमार्गे ट्रॅक्टरला पुढे ढकलतो. ब्रेक दाबूनही तो दोन पावलं पुढे जातो. बागेत पुढे माणूस असू शकतो. म्हणून पीटीओवर एका दिशेने सुटा फिरणारा ओव्हररन क्लच लावल्याशिवाय गवतकापणी करूच नये.

लिफ्टलाही मर्यादा आहे. या ट्रॅक्टरचे जनक हॅरी फर्ग्युसन यांची कल्पना नांगरासाठी होती: नांगर जड मातीत घुसला की टॉप लिंक, म्हणजे अवजाराला वरून जोडणारा दांडा, पुढे दाबली जाते, स्प्रिंग दबते आणि लिफ्ट आपोआप किंचित उचलते. नांगराला हे इतकं छान जमतं की सरी एकसारख्या खोलीची निघते. पण गवत कापायचं यंत्र टॉप लिंकला दाब देत नाही, म्हणून त्याला ठरावीक उंचीवर धरून ठेवणं लिफ्टला जमत नाही. वर किंवा खाली, मधलं काही नाही. मी दोन साखळ्या लावून उंची बांधून घेतली आहे आणि तेवढ्यावर काम उत्तम चालतं.

फवारणीला हा ट्रॅक्टर कमी पडतो, हे मान्य करायला हवं. इंजिन १५०० फेऱ्यांवर असेल तेव्हा पीटीओ साधारण ५४० फेऱ्या देतो आणि त्या वेळी पहिल्या गिअरमध्येही वेग ताशी चार किलोमीटरच्या आसपास. दाट पानोऱ्यात औषध आतपर्यंत पोचायला याहून हळू जावं लागतं. थ्रॉटल कमी करावा तर पंपाचा दाब पडतो. छोट्या झाडांना ठीक, मोठ्या जुन्या झाडांना नाही. मोठा पंखा असलेला फवारणी पंप ओढायची ताकदही यात नाही. त्या कामाला मी दुसऱ्याचा ट्रॅक्टर बोलावते.

पेट्रोलचं सांगायचं तर हलक्या कामाला, म्हणजे क्रेट वाहणं, छाटलेल्या फांद्या बाहेर काढणं, याला तो फार कमी पितो. गवतकापणीला भरपूर. रोज दिवसभर चालवायचा असेल तर हिशोब करून घ्या.

उलटण्याबद्दल मी मनापासून सांगते, हा भाग वाचून सोडू नका. या ट्रॅक्टरला डोक्यावर संरक्षक चौकट नाही. अरुंद असल्यामुळे उतारावर तो साध्यापेक्षा लवकर कलतो. आणि ओझं कधीही टॉप लिंकच्या जागी किंवा ॲक्सलच्या वर बांधून ओढायचं नाही, फक्त खालच्या ड्रॉबारवरून, म्हणजे ओढण्यासाठीच्या आडव्या पट्टीवरून. वर बांधलं आणि चाकं रुतली की समोरची बाजू उचलली जाते, आणि क्लच दाबायला वेळच मिळत नाही. माझी बाग सपाट आहे म्हणून मी हा घेतला. उताराची असती तर घेतला नसता, कितीही आवडला असता तरी. चौकट बसवायची तर बागेत ती फांद्यांना अडते, म्हणून दुमडणारी करून घ्यायचं ठरवलंय.

तर कुणी घ्यावा? जिची लागवड जुनी आणि ओळी जवळ आहेत, जमीन सपाट आहे, फवारणीला दुसरी सोय आहे, आणि हाताने पाना धरायची आवड आहे अशा बागेच्या मालकाने जरूर घ्यावा. एकच ट्रॅक्टर घेऊन सगळी कामं त्यावर करायची असतील तर नवा अरुंद ट्रॅक्टर बघावा.

पुढच्या छाटणीआधी माझ्याकडे दोन कामं आहेत: स्टिअरिंग बॉक्समधला प्ले, म्हणजे सैलपणा, काढणं आणि ती चौकट. आणि कुणाकडे शेडच्या कोपऱ्यात फर्ग्युसनचा आखूड समोरचा ॲक्सल किंवा निमुळते मडगार्ड पडून असतील, वाकलेले असले तरी, तर भंगारात देऊ नका. वाकलेला पत्रा ठोकून सरळ होतो. वितळवलेला परत येत नाही.