येऊर: बिबट्याचा नाद सोडा, फुलपाखरं बघा

येऊरला जायला ठाणे स्टेशनच्या पश्चिमेकडून टीएमटीची बस किंवा रिक्षा. रिक्षावाले उपवनपर्यंत आनंदाने येतात, वर चढायला मात्र कुरकुर करतात, कारण परतीचं भाडं मिळत नाही. तेव्हा येण्याजाण्याचं आधीच ठरवून घ्या. उपवन तलाव मागे टाकला की चढ लागतो आणि वनखात्याच्या चौकीपुढे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू, म्हणजेच येऊर. इथून चालत कान्हेरी लेण्यांकडे उतरू, असले बेत नकोत; मधल्या जंगलात परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. लेणी बघायची तर बोरिवलीच्या दाराने, आणि सोमवार सोडून.

बहुतेकांचं गणित चुकतं ते वेळेचं. पक्ष्यांसाठी उजाडताना पोचायला हवं. फुलपाखरांचं उलट आहे: अंगात ऊब आल्याशिवाय ती उडूच शकत नाहीत, त्यामुळे सहाला जाऊन हात हलवत परतावं लागतं. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ऊन पडल्यावर नऊ ते अकरा ही खरी वेळ. झाडीत शिरू नका, रस्त्याकडेच्या ओल्या चिखलाजवळ थांबा. नर तिथे क्षार शोषायला उतरतात आणि सोंड चिखलात असली की बराच वेळ हलत नाहीत; फक्त तुमची सावली त्यांच्यावर पडू देऊ नका. काळ्या मखमली पंखांवर निळ्या डागांची झळाळी दिसली तर तो निलवंत, 2015 पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू. त्याच्या अळ्या लिंबाच्या कुळातली पानं खातात. याच हौसेसाठी घोडबंदर रोडवर ओवळ्याला ओवळेकर वाडी ही फुलपाखरांची बाग आहे, रविवारी सकाळची.

कारवीसाठी येणाऱ्यांनी थांबावं. आठ वर्षांनी एकदा फुलणारी ही झुडपं 2016 आणि 2024 मध्ये फुलून गेली. पळस आणि काटेसावर मात्र दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला बघायला मिळतात.

पावसाळ्यातले ओढे दिसायला झकास, पण त्यात उतरू नका. वर कातळ, माती पातळ; माथ्यावर सर कोसळली की तुमच्या डोक्यावर थेंब नसतानाही पाणी काही मिनिटांत चढतं. बंदीचे फलक उगाच लावलेले नसतात. संध्याकाळी पाड्यांच्या आसपास गाण्यांचे स्पीकर लावणाऱ्या टोळक्यांबद्दल काय बोलावं! सुट्टीचा दिवस टाळलेलाच बरा.

उपवनला अर्धा तास पुष्कळ झाला. उरलेला वेळ शहरात घालवा. मासुंदा तलावाजवळचं कौपिनेश्वर मंदिर 1760 मध्ये नव्याने बांधलं गेलं. भलंमोठं शिवलिंग हे त्याचं वैशिष्ट्य. मासुंद्याच्या काठावर, म्हणजे तलावपाळीवर, नौकाविहार ऊन उतरल्यावरच, दुपारी पाण्यावरची चमक डोळ्यांत घुसते. मामलेदार कचेरीजवळच्या मिसळीची तर्री जहाल असते. पहिल्यांदाच खात असाल तर ‘मीडियम’ सांगा, आणि सोबत ताक.