पहिला आराखडा कागदावर की फिग्मात?

गावातल्या दूध संकलन केंद्रासाठी मोबाइलवर नोंदीचा स्क्रीन करायचा होता. गरजा विचारून झाल्या होत्या: सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), त्यावरून दर. पहिला आराखडा सचिवांपुढे ठेवायचा तो कागदावर की फिग्मात, म्हणजे स्क्रीनचे आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये? मी दोन्ही करून पाहिलंय.

फिग्माचे गुण तुम्हाला ठाऊक असतीलच. मला त्याचा खरा उपयोग देवनागरीसाठी होतो. कागदावर आपलं अक्षर जागेप्रमाणे आपसूक आकसतं. फिग्मात 'आजची एकूण रक्कम' बटणात मावत नाही हे तिथल्या तिथे दिसतं, आणि ओळी जवळ घेतल्या की खालच्या वेलांट्या वरच्या उकारांना भिडतात तेही. शिवाय पुण्यातल्या डेव्हलपरला लिंक पाठवली की झालं. कागदाचे फोटो पाठवले तर तो दिवसभर शंका विचारतो.

पण फिग्मातला स्क्रीन दाखवला की समोरचा म्हणतो, "छान झालंय, साहेब." संपलं! रंग, सावल्या, गोल कोपरे बघून त्याला वाटतं, हे तयारच आहे, आता खोट काढणं बरं दिसत नाही. फार तर हिरवा जरा गडद करा म्हणतो. या 'छान'पायी माझे तीन आठवडे पाण्यात गेले. फॅटचा रकाना लिटरच्या आधी ठेवला होता, आणि कुणी चकार शब्द काढला नव्हता.

पुढच्या खेपेला पाठकोऱ्या कागदाचे फोनएवढे तुकडे कापून नेले. सचिवांनी पेन्सिल माझ्या हातातूनच घेतली. बाणाने लिटर वर नेलं: "आधी माप, मग नमुना." मी कोपऱ्यात बारीक लिहिलेलं सभासदाचं नाव त्यांनी खोडून दुप्पट मोठं केलं. "गर्दीत तीनशे बाराचं तीनशे बावीस ऐकू येतं. नाव दिसलं नाही तर दूध भलत्याच्या खात्यावर जातं." ही गरज आधीच्या दोन मुलाखतींत निघाली नव्हती.

तुमची माणसं रोज स्क्रीन बघणारी असतील, तर कदाचित फिग्मानेही भागेल. मी मात्र पहिल्या दोन फेऱ्या कागदावर करतो, फिग्मा नंतर उघडतो. माणूस दूरगावी असेल तर बाल्सामिक हे आराखड्यांचंच सॉफ्टवेअर बघा, २००८ पासून ते मुद्दाम हाताने काढल्यासारख्या रेघा देतं. फक्त त्यातही पेन्सिल आपल्याच हातात राहते.