नीना सिमोनच्या 'हिट्स'च्या नावाखाली घातला जाणारा गंडा

अमेरिकन गायिका आणि पियानोवादक नीना सिमोनच्या जुन्या एलपीची (मोठ्या ग्रामोफोन तबकडीची) जाहिरात साधारण ठरलेली असते: 'नीना सिमोन, ग्रेटेस्ट हिट्स, १९६९, अमेरिकन प्रेसिंग, फारशी न वाजलेली.' फोटो फक्त कव्हरचे. तबकडीचा फोटो मागितला की उत्तर येतं, 'पॅक करून ठेवलीय, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय.' घाईघाईत पैसे जातात. पार्सल उघडलं की कव्हरच्या मागे, खालच्या कोपऱ्यात बारकोड! एलपीच्या कव्हरवर बारकोड दिसू लागले ते सत्तरचं दशक सरता सरता. म्हणजे १९६९ ही थापच.

नीनाच्या बाबतीत ही थाप पचते, कारण तिची गाणी कधीच एका रेकॉर्ड कंपनीकडे नव्हती. पहिली एलपी बेथलेहेमची, पुढे कोलपिक्स, १९६४ पासून फिलिप्स आणि १९६७ पासून आरसीए. फिलिप्सने १९६९ मध्ये 'द बेस्ट ऑफ नीना सिमोन' काढली आणि आरसीएने १९७० मध्ये नेमक्या त्याच नावाची दुसरी. दोन्ही अस्सल, पण प्रत्येकीत फक्त आपापल्या कंपनीची गाणी. त्यामुळे पैसे देण्याआधी गाण्यांची यादी मागा. 'फीलिंग गुड' फिलिप्सचं, १९६५ चं. 'एन्ट गॉट नो, आय गॉट लाइफ' आरसीएचं, १९६८ चं. ही दोन्ही एकाच 'जुन्या' तबकडीवर असतील तर ती तबकडी जुनी नाही. दुसरा पुरावा लागतच नाही.

आणखी एक प्रकार जास्त फसवा आहे. युरोपात १९६३ च्या आधी प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रणं हक्कमुक्त झाली आहेत. त्यामुळे बेथलेहेमची आणि कोलपिक्सची १९६२ पर्यंतची गाणी कोणीही छापू शकतं, आणि तिथे ते कायदेशीर आहे. फसवणूक कव्हरवर होते. फोटो साठच्या दशकाच्या अखेरचा, आत गाणी १९६२ पर्यंतचीच, आणि एखादं 'फीलिंग गुड' घातलंच तर ते नंतरच्या मैफलीतलं. यादीत गाण्यापुढे बारीक अक्षरात 'लाइव्ह' आहे का बघा. तेही छापलेलं नसेल तर गाण्याचे शेवटचे पाच सेकंद कान देऊन ऐका. टाळ्या दाबायला आवाज झटकन उतरवलेला असतो.

'सिनरमन'ची लांबी तपासा. मूळ गाणं दहा मिनिटांच्या वर आहे. चार मिनिटांत संपलं तर कापलेलं आहे, आणि ज्या वाढत्या लयीसाठी ते ऐकायचं तीच हातची जाते. उलट पूर्ण गाणं ठेवून एका बाजूला पंचवीस मिनिटांहून जास्त कोंबलं असेल तर खाचा दाटीने कापाव्या लागतात, आवाज दबतो, बास पातळ होतो.

तबकडी हाती आली की दिव्याखाली तिरकी धरा. शेवटची खाच आणि लेबल यांच्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला नंबर असतो. सहा आकडे, त्यापुढे इंग्रजी 'ई' (E), मग एक आकडा आणि तिरकी रेघ, असं दिसलं तर ती चेक प्रजासत्ताकातल्या एका मोठ्या कारखान्यात अलीकडे दाबलेली आहे. '१८० ग्रॅम' हा स्टिकरही आजकालचाच. वजनावरून आवाज कुठून घेतलाय ते कळत नाही. ते बघायचं तर तबकडी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये तिचा स्पेक्ट्रम, म्हणजे खर्जापासून उंच स्वरांपर्यंतचा आलेख, काढा. जुन्या टेपचा वरचा भाग हळूहळू उतरत जातो. १६ किलोहर्ट्झला सुरीने कापल्यासारखा तुटला असेल तर बहुधा एमपी३ वरूनच तबकडी बनवली आहे.

अशा चोरट्या छपाईतून कलावंताच्या वारसांना छदामही मिळत नाही, याची चीड यायलाच हवी. बेथलेहेमच्या गाण्यांचे हक्क नीनाने अवघ्या ३,००० डॉलरला सोडले होते. त्यातलंच 'माय बेबी जस्ट केअर्स फॉर मी' १९८७ मध्ये अत्तराच्या जाहिरातीमुळे गाजलं.

परदेशी विक्रेता पेपालवर 'फ्रेंड्स अँड फॅमिली'ने पैसे पाठवा म्हणाला तर तिथेच थांबा, त्यात खरेदीचं संरक्षण नसतं. वस्तूखरेदी म्हणून पैसे भरले असतील तर १८० दिवसांच्या आत तक्रार करता येते. सील फोडण्यापासून व्हिडिओ काढा, आणि त्यात बारकोड व कोरलेला नंबर स्पष्ट येऊ द्या. विक्रेता भारतातला असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. पैसे घेऊन पार्सलच पाठवलं नाही तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन करा, दोन दिवस वाट बघत बसू नका.