टेस्ट प्लेट एकच, पण कोड कोणता?

बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) छोटी शेड चालवणाऱ्यांकडे परदेशी पार्टीची पहिली चौकशी आली की हा प्रश्न येतोच: वेल्डिंग प्रोसिजर (वेल्ड कसं करायचं ती लेखी पद्धत) टेस्ट प्लेटवर क्वालिफाय, म्हणजे सिद्ध, करायची ती अमेरिकन एएसएमई कोडच्या सेक्शन नाइनने की आंतरराष्ट्रीय आयएसओ १५६१४-१ ने? पार्टीने कोड लिहून दिला असेल तर विषयच संपला. दिला नसेल तर पुढचं वाचा.

आधी एक गैरसमज काढून टाकू. वेल्डर बऱ्याचदा एक्स-रेवर पास होतो, प्रोसिजर होत नाही. दोन्ही कोडमध्ये प्लेट कापून तोडावी-वाकवावीच लागते. फिल्म कितीही स्वच्छ असली तरी पीक्यूआर (प्रोसिजरच्या चाचणीची नोंद) तिच्यावर उभा राहत नाही.

सेक्शन नाइनचं मागणं मोजकं आहे. १२ मिमीच्या प्लेटमधून दोन टेन्साईल (ओढून तोडायचे तुकडे) आणि चार बेंड (वाकवायचे तुकडे). प्लेट एसए-५१६ ग्रेड ७० (प्रेशर व्हेसलचं कार्बन स्टील) असेल तर टेन्साईलची ताकद ४८५ एमपीएच्या खाली जायला नको. तुकडा वेल्डबाहेर मूळ प्लेटमध्येच तुटला तर पाच टक्क्यांपर्यंत सूट. बेंडला १० मिमीचा तुकडा ४० मिमीच्या मॅन्ड्रेलवर (गोल दांड्यावर) पूर्ण वाकवायचा आणि ३ मिमीपेक्षा मोठी उघडी भेग दिसता कामा नये. एवढ्यावर ५ ते २४ मिमी जाडीच्या कामाला तुमची प्रोसिजर चालते. लॅबचं बिलही कमी.

आयएसओच्या २०१७ च्या आवृत्तीत दोन पातळ्या आहेत. लेव्हल १ म्हणजे जवळपास सेक्शन नाइनच. लेव्हल २ ला मात्र कूपनची (वेल्ड केलेल्या टेस्ट प्लेटची) आधी रेडिओग्राफी (एक्स-रे) किंवा अल्ट्रासॉनिक, पृष्ठभागावरच्या भेगांची तपासणी, मग टेन्साईल, बेंड, मॅक्रो (वेल्डचा कापलेला छेद बघणं), आणि वरच्या ग्रेड ७० सारख्या स्टीलला हार्डनेसही (कडकपणाची चाचणी). हीट ट्रीटमेंट न केलेल्या साध्या कार्बन स्टीलला मर्यादा ३८० एचव्ही१० (कडकपणाचं विकर्स माप). प्लेट १२ मिमी किंवा जास्त असून तिच्या स्पेसिफिकेशनमध्येच इम्पॅक्ट (आघात सहन करण्याची अट) असेल तर ती तपासणारी चार्पी चाचणीही. लेव्हल २ झालं की लेव्हल १ आपोआप मिळतं, उलटं नाही.

माझं मत विचाराल तर साधी टाकी, स्ट्रक्चर, देशातलंच गिऱ्हाईक असेल तर सेक्शन नाइन पुरे, उगाच खर्च करू नका. (बॉयलरचं काम वेगळं, तिथे १९५० ची भारतीय बॉयलर नियमावली बघावी लागते.) युरोपकडे माल जायची जरा जरी शक्यता असेल तर लेव्हल २ करा. बेंडमध्ये फ्यूजन नीट झालं की नाही ते दिसतं, पण वेल्डशेजारचा पट्टा किती कडक झाला ते हार्डनेसशिवाय कळत नाही.

सेक्शन नाइनमधला एक खड्डा मात्र लक्षात ठेवा. टाकी ज्या कोडने बनवायची त्या कोडने इम्पॅक्ट मागितला की जाडीची खालची मर्यादा ५ वरून साधारणपणे कूपनच्या जाडीवर येते (१६ मिमीपेक्षा जाड कूपन असेल तर १६ वर). म्हणजे १२ मिमीच्या टेस्ट प्लेटवर ६ मिमीचं शेल (टाकीचा दंडगोल) चालत नाही. यात मी स्वतः अडकलो आहे. ऑर्डर हातात आल्यावर पार्टीने चार्पी मागितली, कूपनचा उरलेला तुकडा भंगारात गेलेला. नवी प्लेट, नवं वेल्डिंग, थर्ड पार्टी इन्स्पेक्टरची दुसरी फेरी, आणि दांडिया बाजारातल्या घरी रोज रात्री उशीर.

तेव्हापासून कूपन गरजेपेक्षा लांब घेतो आणि उरलेल्या तुकड्यावर पीक्यूआर नंबर व हीट नंबर (स्टीलच्या ओतीचा नंबर) पंच करून रॅकवर ठेवतो. चार्पी, मॅक्रो, हार्डनेस मागाहून मागितले तरी त्यातून काढता येतात.