आयुष्मान कार्डाच्या नावाखाली आईच्या खात्यातून 18,500 गेले. अंगठा देण्याआधी वाचा

आधी एक गोष्ट लिहून ठेवते: आयुष्मान कार्ड फुकट असतं. एक रुपयाही लागत नाही. गावात अजूनही लोक मला म्हणतात, "दीडशेच घेतले ना गं, त्यात काय एवढं?" दीडशे घेतले, आणि त्याच बैठकीत आईच्या खात्यातून 10,000 आणि मग 8,500 काढले. मिळून 18,500. शिल्लक 212. वडील एसटीत होते. त्यांच्या माघारी आईला जी पेन्शन येते, ती तिने गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वरखर्चासाठी साठवली होती.

प्रकार तुम्हाला माहीत असेलच. देवळाच्या मंडपात बॅनर, दोन पोरं, लॅपटॉप, अंगठ्याचं यंत्र. "सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना पाच लाखांपर्यंत मोफत उपचार, आजच कॅम्प." आणि योजना खरी आहे! म्हणूनच माणूस फसतो. 29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचंच वय वंदना कार्ड मिळतं. मला ते ठाऊक होतं. आईला मीच घेऊन गेले, कारण ती तिच्या हक्काची गोष्ट होती.

आता तो क्षण. माझ्या डोळ्यांसमोरून तो जात नाही. त्या पोराने आधार नंबर टाकला, आईचा अंगठा घेतला, आणि मान वर न करता विचारलं, "आजी, पेन्शन कुठल्या बँकेत येते?" आईने बँकेचं नाव सांगितलं. मी शेजारीच उभी होते. दवाखान्याच्या कार्डाला बँक कशाला लागते? उपचाराचे पैसे रुग्णालयाला जातात, रुग्णाच्या खात्यात काही येत नाही. हा एक प्रश्न तिथे त्याला विचारला गेला असता, तर त्याला पुढे सरकताच आलं नसतं. पण मला सांगा, गेल्या काही वर्षांत कुठल्या योजनेने आपल्याला बँक विचारली नाही? पीएम किसान, लाडकी बहीण, गॅसची सबसिडी, सगळीकडे "आधार लिंक खातं कुठलं?" हेच पहिलं. सरकारनेच ही सवय लावली आणि चोरांनी तिचा फायदा घेतला.

दुसरी गोष्ट अंगठ्याची. आईचा जन्म शेतात आणि चुलीपाशी गेला, अंगठ्याच्या रेषा झिजल्यात. रेशनच्या दुकानातही पहिल्या फटक्यात कधी येत नाही. त्या पोराने ओल्या फडक्याने तिचा अंगठा पुसला, पँटवर कोरडा केला, स्वतःच्या दोन बोटांनी यंत्रावर दाबून धरला. "नेट नाही आजी, परत ठेवा." परत ठेवला. "अजून एकदा." परत. पहिला अंगठा कार्डाच्या केवायसीचा होता, पुढचे दोन पैसे काढण्याचे. यंत्र तेच, दिवा तसाच लागतो, आवाज तसाच होतो. उभ्या माणसाला फरक कळायला काही मार्गच नाही. ज्यांना वाटतं की मला कळायला हवं होतं, त्यांनी एखाद्या म्हातारीला घेऊन रेशनच्या रांगेत उभं राहून बघावं.

मेसेज आला नाही, कारण खात्याला वडिलांचा जुना नंबर होता. ते गेल्यावर सिम बंद झालं, आणि बँकेत नंबर बदलायचा राहिला. हे बहुतेक घरांत असंच असतं. आज तुमच्या आईवडिलांच्या खात्याला कुठला नंबर आहे ते बघा. आधारलाही कुठला आहे ते बघा. पासबुक छापून आणल्यावर आम्हाला कळलं. दोन ओळी, एकाच तारखेच्या, 'एईपीएस', म्हणजे आधारवर काढलेले पैसे. ही सोय आधार जोडलेल्या बहुतेक खात्यांना आपोआप चालू असते. ना एटीएम कार्ड, ना पिन, ना ओटीपी. आधार नंबर, बँकेचं नाव, अंगठा, बस.

मग सुरू झाली फरफट. बँकेतले साहेब म्हणाले, "अंगठा तर तुमच्या आईचाच आहे, मग फसवणूक कशी?" अहो, सही फसवून घेतली तर ती फसवणूक होत नाही का? तिने कार्डासाठी अंगठा दिला, पैशांसाठी नाही. वर म्हणाले, "तीन दिवसांत सांगायला हवं होतं." रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक मी छापून नेलं. त्यात ते तीन कामकाजाचे दिवस बँकेने ग्राहकाला कळवल्यापासून मोजायचे आहेत. बँकेने कळवलंच नाही, तर मोजणी कुठून? आणि चूक ग्राहकाची हे सिद्ध करायची जबाबदारीही त्यात बँकेवरच टाकली आहे. साहेबांनी कागद न वाचता टेबलावर ठेवला आणि एफआयआर आणायला सांगितलं. पोलीस ठाण्यात म्हणाले, आधी बँकेचं स्टेटमेंट आणा. स्टेटमेंट नेलं, तर हे सायबरचं काम. सायबरवाले म्हणाले, गुन्हा तुमच्या हद्दीत घडलाय. शेवटी साध्या अर्जावर शिक्का मारून दिला. तो एफआयआर नव्हे, हे लक्षात ठेवा! हद्दीचं कारण सांगून गुन्हा नाकारता येत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये, ते स्पष्ट लिहिलंय. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मात्र लगेच फोन करा, ठाण्यात जाण्याच्याही आधी. पैसे पुढे सरकायच्या आत तिथून ते गोठवता येतात. आम्हाला उशीर झाला होता.

सरपंचांना विचारलं, तर "आम्ही फक्त मंडप दिला." बॅनरवर कुणाकुणाचे फोटो होते, ते सगळ्या गावाने पाहिलंय. त्या पोरांकडे ओळखपत्र मात्र कुणीच मागितलं नाही. माझ्या सत्तरी ओलांडलेल्या आईने पैशापैशाने जमवलेले पैसे जातात आणि या एवढ्या सगळ्या टेबलांपैकी एकालाही ते आपलं काम वाटत नाही, याची चीड मला त्या चोरट्या पोरांपेक्षा जास्त येते.

कार्ड मात्र खरं निघालं. फक्त त्यावर मोबाइल नंबर भलत्याचाच. 2023 मध्ये कॅगच्या, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात आलं होतं की या योजनेत जवळपास साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल नंबरवर नोंदले आहेत. मरण पावलेल्या रुग्णांच्या नावावर उपचार दाखवल्याचंही त्यात होतं. म्हणजे नंबर चुकीचा असणं ही क्षुल्लक बाब नाही. उद्या आईच्या नावावर कुणी दुसरंच दाखल झालं, तर आपल्याला कळणार कसं? योजनेच्या 14555 या हेल्पलाइनवर तक्रार केली, क्रमांक मिळाला, आणि काहीही न होता "तक्रार निकाली" असा मेसेज आला. अखेर एका सरकारी रुग्णालयातल्या आरोग्यमित्र ताईंनी, म्हणजे तिथे योजनेची मदत करायला बसणाऱ्या ताईंनी, शांतपणे बसून नंबर दुरुस्तीचा अर्ज भरून दिला. साऱ्या प्रकरणात माणसासारखं वागलेली ती एकटीच.

काकू म्हणते, "रद्दच करून टाक ते कार्ड, नसती बला." नाही. कार्ड सोडायचं नाही. गुडघ्याच्या सांध्याचा खर्च आम्ही कुठून आणणार? ज्यांना आधीपासून योजनेचा लाभ आहे, त्यांच्या घरातल्या सत्तरीच्या माणसाला स्वतःचे वेगळे पाच लाख मिळतात, तेही लोकांना माहीत नाही. कार्ड काढायचं तर योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राकडे, नाहीतर आयुष्मान ॲपवर घरीच, आपल्या फोनवर येणाऱ्या ओटीपीने. मंडपात नाही.

आणि अंगठ्याला कुलूप लावा. आधारच्या अधिकृत ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक आहे, आईचं मी लावलं. रेशनच्या दिवशी अडचण होते, तेव्हा तात्पुरतं उघडता येतं, दहा मिनिटांनी ते आपोआप बंद होतं. त्याच ॲपमध्ये आधार कधी, कशासाठी वापरलं याची सहा महिन्यांची नोंद दिसते. आईच्या नोंदीत त्या दिवशीचे तीन अंगठे ओळीने आहेत. मी ते छापून तक्रारीला जोडलेत. बँकेत जाऊन आधारवरून पैसे काढण्याची सोय बंद करून मागा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. फोनवर विसंबू नका.

बँकेने महिनाभरात दाद दिली नाही, म्हणून आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार टाकली आहे. पैसे अजून आलेले नाहीत. आमच्या मंडपात त्या दिवशी निम्मं गाव रांगेत होतं, आणि त्यातल्या कितीतरी जणांनी अजून पासबुक छापलेलं नाही. तुमच्याकडे असा कॅम्प झाला असेल तर उद्या बँक उघडताच पासबुक छापून आणा, आणि रक्कम गेली असेल तर स्वतःच्या नावाने वेगळी तक्रार द्या. पैसे कुठल्या एजंटच्या यंत्रावरून निघाले ते बँकेकडून लेखी मागा. एकाच यंत्राविरुद्ध दहा घरांचे अर्ज गेले, तर पोलिसांना साध्या अर्जावर शिक्का मारून परत पाठवता येणार नाही.