वहीतल्या खरड्याची कविता: अभंगात बांधायची की मुक्तछंदात?

पहाटे वीस मिनिटं, हात न थांबवता, जे सुचेल ते लिहायचं ही सवय बऱ्याच जणांना लागली आहे. वह्या भरतात, पण कविता होत नाही. पुढच्या कामाच्या दोन वाटा मी एकाच खरड्यावर चालून पाहिल्या. खरड्यातली ओळ होती: ‘पाऊस येऊलाय, आई म्हणते पिंजर आत घे, आणि मी दारातच उभा.’ (आमच्या बेळगावकडच्या बोलीत ‘येऊलाय’ म्हणजे येतोय, ‘पिंजर’ म्हणजे भाताचा पेंढा.)

आधी अभंग. मोठ्या अभंगाचं माप सहा, सहा, सहा, चार अक्षरं. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही. पण ‘पाऊस येऊलाय’ भरतं सात. मी झटकन ‘पाऊस येतसे’ केलं आणि सहा जमली. आमच्या घरात कोण म्हणतं ‘येतसे’? बेळगाव-खानापूरकडच्या कवींची अर्धी कविता इथंच मरते, मापासाठी घरचा शब्द पहिला बाहेर. दोन दिवसांनी सुचलं की बदलायचा तो पाऊस:

वारा येऊलाय । आई हाक मारे ।
पिंजराचे भारे । आत घे रे ।।

आता पाऊस न सांगता कळतो. हे मापाच्या अडचणीनंच दिलं, मला आपणहून सुचलं नसतं. मात्र ‘मी दारातच उभा’ गळालं, आणि खरं तर लिहायला बसलो होतो त्याच्यासाठी.

(भुजंगप्रयातासारख्या, लघु-गुरूंचा म्हणजे ऱ्हस्व-दीर्घांचा क्रम ठरलेल्या गणवृत्ताच्या नादाला इथं लागू नका. त्यात लघु-गुरु-गुरु असा य-गण चारदा येतो, सलग तीन गुरू कुठंच नाहीत. ‘येऊलाय’मध्ये पहिलीच तीन अक्षरं गुरू. शब्द बसणारच नाही.)

मुक्तछंदात तो दारातला मुलगा राहिला:

पाऊस येऊलाय.
पिंजर आत घे, म्हणते आई.
मी दारातच.

सोपं दिसतं, पण दोन पानं खोडून हे उरलंय. इथं माप नसल्यामुळं कुठं थांबायचं ते कोणी सांगत नाही. मोठ्यानं वाचायचं, जीभ अडखळली की ओळ तोडायची किंवा शब्द काढायचा. ‘उभा’ तसाच गेला.

बेळगावजवळच्या कडोली, उचगाव, येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांत कविता ऐकवायची असेल तर अभंग घ्या; समोरच्या भजनी मंडळींच्या कानात ते माप आधीच आहे. खरड्यात एखादं चित्र किंवा अवघडलेपण असेल, त्यात गाणं नसेल, तर मुक्तछंद. आणि नुकतंच लिहू लागला असाल तर महिनाभर अभंगच करा, मग सोडा. उलट्या क्रमानं गेलेले बहुतेक जण गद्याच्या ओळी तोडत बसलेले मी पाहिलेत.

माझ्या वहीत दोन्ही शेजारी आहेत. ‘दारातच’च्या पुढं पूर्णविराम ठेवावा की नाही, ते अजून ठरेना.