न्यू यॉर्कचं व्होटर गाईड: फुकट आहे, बरं आहे, पण अर्धंच आहे

सुरुवातीलाच सांगते, पाचपैकी साडेतीन स्टार. न्यू यॉर्क सिटीच्या कॅम्पेन फायनान्स बोर्डाचं हे गाईड ज्या घरात रजिस्टर्ड व्होटर आहे तिथे पोस्टाने येतं, ऑनलाइनही असतं, एक पैसा लागत नाही, आणि मेयरच्या इलेक्शनला कोण कोण उभं आहे, त्यांनी आधी काय केलंय आणि निवडून आल्यावर आधी कशाला हात घालणार हे सगळं एका जागी सापडतं. पोस्टाच्या पेटीत येणारी चकचकीत प्रचारपत्रकं आणि टीव्हीवरचा आरडाओरडा यापेक्षा कितीतरी बरं. दीड स्टार का कापला ते सांगतेच, आणि तोच खरा मुद्दा आहे.

बोर्ड कुठून आलं तर ऐंशीच्या दशकात सिटीच्या कारभारात भ्रष्टाचाराची मोठी प्रकरणं बाहेर पडली, मग १९८८ मध्ये इलेक्शनच्या पैशावर नजर ठेवायला हे बोर्ड काढलं आणि मतदारांना माहिती पुरवायचं कामही त्याच्याच गळ्यात बांधलं. बोर्ड कुठल्या पक्षाचं नाही, त्यामुळे गाईडचा सूर कोरडा असतो, कोणाची तारीफ नाही की कोणाला टोमणा नाही, आणि मला तरी ते आवडतं.

आत प्रत्येक उमेदवाराचा फोटो, पक्ष, सध्याचं काम, आधीचं काम, शिक्षण, आधी भूषवलेलं सरकारी पद वगैरे, आणि त्याखाली त्याचं स्वतःच्या शब्दातलं निवेदन. वाचताना थेट लग्नाच्या बायोडेटाची आठवण येते, खोटं काही नसतं पण जे सांगायचं नाही ते अलगद गाळलेलं असतं. हे उमेदवाराचं म्हणणं आहे, बोर्डाचं मत नाही, असं गाईडमध्ये स्पष्ट लिहिलेलंही असतं, तेव्हा फसवलं असं म्हणता येत नाही.

२०२५ चीच गोष्ट घ्या ना. एकीकडे झोहरान ममदानी, कंपालात जन्मलेला, सात वर्षांचा असताना न्यू यॉर्कला आलेला, ब्राँक्स सायन्स या शाळेत शिकलेला, घरं जप्त व्हायची वेळ आलेल्या लोकांना सल्ला द्यायचं काम केलेला, आणि २०२० मध्ये सिटीतल्या ॲस्टोरिया भागातून स्टेट असेंब्लीवर, म्हणजे राज्याच्या विधानसभेवर, निवडून आलेला. दुसरीकडे अँड्र्यू कुओमो, क्लिंटनच्या वेळी केंद्रात हाउसिंग खात्याचे मंत्री, मग राज्याचे ॲटर्नी जनरल, मग २०११ ते २०२१ गव्हर्नर. तिसरे रिपब्लिकन कर्टिस स्लिवा, १९७९ मध्ये गार्डियन एंजल्स ही सबवेत गस्त घालणारी संघटना काढलेले. आता या रकान्यांच्या हिशेबाने कुओमोंचा अनुभव डोळे दिपवणारा, पण त्यांनी गव्हर्नरपद लैंगिक छळाच्या आरोपांवरच्या चौकशी अहवालानंतर सोडलं (आरोप त्यांनी नाकारले) हे कळायला रकानाच नाही, पद कोणतं होतं तेवढंच विचारतात, ते कसं सुटलं ते विचारत नाहीत. आणि ममदानीचं असेंब्लीचं पद लिहिलेलं दिसतं, पण त्याने कुठलं मोठं खातं चालवलेलं नाही, जो त्याच्यावरचा सगळ्यात मोठा आक्षेप होता, तोही रकान्यात बसत नाही. दोघांनाही सारखाच फायदा म्हणा ना.

बॅकग्राउंडचं एक वेळ चालतं, दहा मिनिटं बातम्या चाळल्या की कळतं. माझी खरी तक्रार आहे प्रायॉरिटीजबद्दल.

आपल्या डोक्यात महापौर म्हटलं की उद्घाटनाची फीत कापणारा आणि सभेत बसणारा माणूस येतो, सगळा कारभार आयुक्तांकडे. न्यू यॉर्कचा मेयर तसा नाही. चार वर्षांची टर्म, शंभर अब्ज डॉलरच्या वरचं बजेट तो मांडतो, पोलीस कमिशनर, शाळांचा चान्सलर, कचरा खात्याचा प्रमुख सगळे तो नेमतो, सिटी कौन्सिलच्या बिलावर व्हेटो मारू शकतो. गाईडमध्ये मेयर काय करतो याची एक छोटी चौकट असते त्यात हे येतं. पण हा एवढा दांडगा मेयरसुद्धा कितीतरी गोष्टींसाठी ऑल्बनीला, म्हणजे राज्याच्या राजधानीला, हात जोडून जातो ते त्या चौकटीत कुठे?

ममदानीच्या प्रचारातली चार मोठी आश्वासनं घ्या, नेमकी चार वेगवेगळ्या जातीची निघतात. पहिलं, रेंट स्टॅबिलाइज्ड घरांचं भाडं गोठवणार. ही साधारण दहा लाख घरं आहेत, आणि त्यांची भाडेवाढ रेंट गाइडलाइन्स बोर्ड ठरवतं, नऊ मेंबर, नऊच्या नऊ मेयरने नेमलेले. तेव्हा हे आश्वासन बऱ्यापैकी मेयरच्या हातात, आणि आधीचे मेयर डी ब्लाझिओ यांच्या काळात २०१५, २०१६ आणि २०२० मध्ये एक वर्षाच्या लीजवर शून्य टक्के वाढ झालेली आहे. मेंबरांच्या टर्म ठरलेल्या असतात त्यामुळे आल्या दिवशी सगळे बदलता येत नाहीत, ती गोष्ट वेगळी. दुसरं, बस फुकट करणार. बस चालवते एमटीए, ती राज्याची संस्था, तिच्या बोर्डावर मेयर चार जणांची शिफारस करतो, कंट्रोल गव्हर्नरचा. फुकट बसचा प्रयोग २०२३-२४ मध्ये पाच रूट्सवर झाला होता, प्रत्येक बरोमध्ये (सिटीचे पाच मोठे भाग, त्यांना बरो म्हणतात) एक, तोही राज्याच्या पैशाने. तिसरं, सहा आठवड्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना फुकट चाइल्डकेअर. यात सिटी काही करू शकते, पण त्यासाठी दहा लाख डॉलरच्या वर कमावणाऱ्यांवर २ टक्के जादा इन्कम टॅक्स आणि कंपन्यांवर वाढीव टॅक्स लावायचं म्हटलं तर तो ऑल्बनीने मंजूर केल्याशिवाय लागत नाही. चौथं, प्रत्येक बरोमध्ये सिटीच्या मालकीचं एक किराणा दुकान. हे चांगलं की वाईट यावर भांडा हवं तेवढं, पण हे सिटी स्वतःच्या बळावर करू शकते.

बघा, एकाच माणसाची चार आश्वासनं, एक मेयरच्या हातातलं, एक राज्याच्या हातातलं, एक अर्धंमुर्धं, एक पूर्ण सिटीचं. आणि गाईडमध्ये अशी आश्वासनं आली की एकाच टायपात, एकाच वजनाने, एकाखाली एक. कुओमोंचंही तेच, पाच हजार जादा पोलीस भरायचे हे बजेटमध्ये पैसे काढून आणि कौन्सिलला पटवून जमू शकतं, पण दहा वर्षांत पाच लाख घरं म्हटल्यावर झोनिंग, म्हणजे कुठे काय बांधायचं याचे नियम, आलं, राज्याच्या टॅक्स सवलती आल्या, बिल्डर आले, व्याजदर आले. हा कुठल्या एका उमेदवाराचा दोष नाही, सगळेच असं बोलतात, बोलणारच.

राज्याचा हात किती खोलवर आहे याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे स्पीड लिमिट. सिटीला स्वतःच्या रस्त्यांवर लिमिट ताशी २० मैलांवर आणायची होती, तर त्यासाठी राज्याचा कायदा लागला, तो झाला २०२४ मध्ये, आणि तोपर्यंत त्यासाठी लोकांना, म्हणजे अपघातात मुलं गेलेल्या आईवडिलांना, वर्षानुवर्षं ऑल्बनीच्या चकरा माराव्या लागल्या. शाळा मेयरच्या ताब्यात आहेत म्हणतात, ते २००२ पासून, पण तेही राज्याने दिलेलं, मुदत संपली की परत मागायचं. हे माहीत असलं की प्रायॉरिटीजची यादी वाचायची पद्धतच बदलते, प्रत्येक ओळीपुढे मनात लिहायला लागतं, हा स्वतः करणार की कोणाला तरी विनंती करणार, आणि विनंती करणार असेल तर गव्हर्नरशी याचं पटतं का.

आणि असं काही देणं बोर्डाला जमत नाही असंही नाही हो. याच गाईडमध्ये बॅलटवरच्या प्रस्तावांचं, म्हणजे सिटीच्या चार्टरमध्ये (सिटीच्या मूळ कायद्यात) बदल करायचे ते प्रश्न असतात त्यांचं, किती छान केलेलं असतं. प्रस्ताव काय, हो म्हटलं तर काय होईल, नाही म्हटलं तर काय होईल, बाजूने मुद्दे, विरोधात मुद्दे, सगळं सोप्या भाषेत. २०२५ मध्ये घरबांधणीच्या मंजुऱ्या लवकर मिळाव्यात म्हणून प्रस्ताव होते, ते मी गाईड वाचूनच समजून घेतले, दुसरीकडे कुठे इतकं नीट मिळालं नाही. मग उमेदवाराच्या आश्वासनाखाली बारीक अक्षरात फक्त एवढंच छापा ना, 'यासाठी कौन्सिलची मंजुरी लागेल', 'यासाठी राज्याचा कायदा लागेल'. मत द्यायचं नाही, बाजू घ्यायची नाही, अधिकार कोणाचा तेवढं सांगायचं. सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदार पुस्तिकेत प्रस्तावांखाली सिटीचा कंट्रोलर खर्चाचा अंदाज लिहून देतो, तशातलीच गोष्ट झाली. उमेदवार ओरडतील हे मान्य, कोर्टात जातील, बोर्डाला तो ताप नको असेल.

जमेच्या बाजूला रँक्ड चॉइस, म्हणजे पसंतीक्रमाने मत द्यायची पद्धत, समजावण्यात गाईडला पैकीच्या पैकी. २०१९ च्या मतदानात ही पद्धत मंजूर झाली, फक्त प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवायचं मतदान) आणि स्पेशल इलेक्शनला (पोटनिवडणुकीला) चालते, पाच जणांपर्यंत पसंतीक्रम द्यायचा, मग दर फेरीत सगळ्यात मागचा बाद होतो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीकडे जातात. २०२१ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत तेरा जण होते आणि एरिक ॲडम्स कॅथरीन गार्सियापेक्षा शेवटच्या फेरीत फक्त ७,१९७ मतांनी पुढे राहिले. त्यावेळी जवळपास १ लाख ४० हजार मतपत्रिका शेवटच्या फेरीपर्यंत टिकल्याच नाहीत कारण लोकांनी लिहिलेले सगळे उमेदवार आधीच बाद झाले होते. आकडे बघा आणि मग ठरवा एकच नाव लिहून यायचं की नाही. गाईडमधलं मतपत्रिकेचं चित्र बघून माझ्या सासूबाईंनासुद्धा एका दमात कळलं, त्यांचा प्रश्न एकच, एकाच माणसाला पाचही ठिकाणी लिहिलं तर? तर मत एकदाच मोजतात, आई, बाकीचे गोल वाया.

ऑनलाइन व्हर्जन छापील पेक्षा सरस वाटलं, पत्ता टाकला की तुमच्याच मतपत्रिकेवरचे उमेदवार येतात. बंगाली वाचणाऱ्या शेजाऱ्यांना त्यांच्या भाषेत मिळतं, क्वीन्स या बरोमध्ये मतपत्रिकाही २०१३ पासून बंगालीत आहे. पैशाची माहिती मात्र गाईडमध्ये शोधू नका, ती त्याच बोर्डाच्या साइटवर वेगळी आहे आणि ती जरूर बघा, कारण सिटीचे मॅचिंग फंड्स (लहान देणग्यांवर सिटी वरून घालते ते पैसे) घेणाऱ्या उमेदवाराच्या स्वतःच्या खर्चाला मर्यादा असली तरी बाहेरच्या ग्रुप्सना ती नाही आणि २०२५ च्या प्रायमरीत कुओमोंच्या बाजूच्या एका सुपर पॅकने (अशाच एका बाहेरच्या ग्रुपने) दोन कोटी डॉलरच्या वर उडवले.

जाता जाता व्हिसावाल्यांसाठी, दर वेळी कोणीतरी विचारतंच म्हणून. एच-वन-बीवर असाल तर मतही नाही आणि देणगीही नाही, देणगी दिलीत तर बेकायदेशीर आहे, उत्साहात कार्ड स्वाइप करू नका. ग्रीन कार्ड असेल तर मत नाही पण देणगी चालते, आणि तुम्ही सिटीत राहत असाल आणि उमेदवार मॅचिंग फंड्समध्ये असेल तर मेयरसाठी पहिल्या २५० डॉलरपर्यंत दर डॉलरमागे सिटी आठ डॉलर घालते, म्हणजे तुमचे दहा त्याला नव्वद होऊन मिळतात. शेजारच्या न्यू जर्सी राज्यातून दिलेत तर दहाचे दहाच.